आधी गोळ्यांचा डबा, मग भाकरीची टोपली

नमस्कार. रेडिओ लावून भाजी निवडत बसलेल्या, दुपारचं आवरून जरा पाठ टेकलेल्या सगळ्यांना नमस्कार. मी सांगलीची, शाळेत 31 वर्षं शिकवलं, आता वय 67. तीन वर्षांपूर्वी माझी बायपास झाली. एक शीर छातीच्या आतल्या बाजूची वापरली आणि दोन तुकडे डाव्या पायातल्या शिरेचे, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तो वण अजून आहे, थंडीत तिथं ओढल्यासारखं होतं. सोबत शुगर 14 वर्षांची. म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात असते तशीच मी एक पेशंट आहे, डॉक्टर नाही, हे आधी सांगते आणि मग लो कार्बबद्दल, म्हणजे जेवणातली कार्बोहायड्रेट कमी करण्याबद्दल बोलते.

ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन महिने डाएट वगैरे डोक्यात आणूच नका. छातीचं हाड कापून तारेनं बांधलेलं असतं, खोकला आला की उशी छातीशी धरून खोकायचं, तोंडाची चव गेलेली, मला तर चहासुद्धा नकोसा झाला होता, मऊ भात आणि मेतकूट एवढंच जायचं पोटात. तेव्हा जखम भरायची असते, त्या दिवसांत पोटाला चिमटा काढणं बरोबर नाही. मी सुरुवात केली पाचव्या महिन्यात, तीन महिन्यांची साखर म्हणजे एचबीएवनसी 8.4 आली तेव्हा.

त्या दिवशी घरी येऊन मी वही काढली आणि जे खाते ते सगळं लिहिलं. सकाळी डिशभर पोहे. दुपारी दोन भाकऱ्या आणि वाटीभर भात, रात्री परत तेच. तीन कप चहा, दोन-दोन चमचे साखर. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात 70 ग्रॅमच्या आसपास कार्बोहायड्रेट असतं, माझी एक भाकरी 60 ग्रॅम पिठाची, म्हणजे एका भाकरीत 40 ग्रॅम. बेरीज केली तर दिवसाची तीनशेच्या वर गेली. आणि मी मात्र सगळ्यांना सांगत होते की मी गहू सोडलाय, शाळूची भाकरीच खाते. शाळू चांगलाच, फायबर आहे, पोट भरतं, पण साखरेच्या हिशोबात भाकरी फुकट नाही हो. आपल्याकडे हा गैरसमज फार घट्ट बसलाय. तसंच आपल्या तासगावच्या बेदाण्याचं, नैसर्गिक आहे म्हणून मूठभर खातात, पण 100 ग्रॅम बेदाण्यात पाऊणशेच्या आसपास कार्ब, बहुतेक सगळी साखरच. भडंगाचं काय सांगू, ते तर चुरमुरेच.

साधारण दिवसाला 130 ग्रॅमच्या खाली गेलं की त्याला लो कार्ब म्हणतात आणि 50 च्या खाली गेलं की किटो. किटोच्या वाटेला आपल्या वयात, हृदयाचं ऑपरेशन झालेल्यांनी, नुसते व्हिडिओ बघून जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि दोन वेळा 55 मिनिटांत जेवायची दीक्षित सरांची पद्धत ती वेगळी, तिचा भर जेवणाच्या वेळांवर आहे, लोक दोन्हींची गल्लत करतात.

ही कल्पना काही कालची नाही बरं का. लंडनमध्ये विल्यम बँटिंग म्हणून एक गृहस्थ होते, शवपेट्या बनवण्याचा आणि अंत्यविधीचा त्यांचा धंदा. साठी ओलांडलेली, वजन एवढं की बुटाची नाडी बांधता येईना, जिना उलटं उतरावं लागे. त्यांच्या डॉक्टरांनी पाव, साखर, बटाटे, बिअर बंद केली आणि वर्षभरात वीसेक किलो उतरले, 1863 साली त्यांनी स्वतःच्या खर्चानं त्याची पुस्तिका छापली आणि पुढं 81 वर्षांपर्यंत जगले. मला ही गोष्ट फार धीर देऊन गेली, कारण माणूस माझ्याच वयाचा होता. पण बँटिंग दिवसाला नऊ गोळ्या घेत नव्हते. मी घेत होते. आणि खरं सांगायचं ते इथंच आहे.

मी उत्साहानं सोमवारी सुरू केलं. भात बंद, भाकरी अर्धी, चहा बिनसाखरेचा. गोळ्या तशाच चालू. गुरुवारी सकाळी देवपूजा करताना हातातली उदबत्ती खाली पडली, उचलायला वाकले तर ब्लाउज पाठीला चिकटलेला, घाम नुसता, आणि समोरची घंटी दोन दिसायला लागली. धडधड मात्र अजिबात नाही, म्हणून मला वाटलं उकाडाच असेल. सूनबाईनं हात धरला, म्हणाली, आई, हात बर्फासारखा गार पडलाय तुमचा. तिनं शुगरचं मशीन लावलं, 58. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं, 84. ती घरात नसती तर काय झालं असतं हे मी आजही मनात आणत नाही.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. माझी ग्लिमेपिराइडची गोळी, ती पोटात अन्न येवो न येवो, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते. मी भाकरी कमी केली आणि गोळी तेवढीच ठेवली, मग साखर खाली जाणारच. आणि धडधड का नाही झाली, तर ठोके हळू ठेवायची मेटोप्रोलॉलची गोळी, ती साखर उतरल्याची धडधड झाकून टाकते. घाम तेवढा राहतो. मंडळी, बायपासनंतर ही गोळी खूप जणांना असते, म्हणून घाम आला की आधी मशीन लावा, 70 च्या खाली असेल तर लगेच साखरपाणी.

अजून एक, लघवीवाटे साखर बाहेर काढणारी गोळी, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी नावं असतात, हृदयासाठी चांगली म्हणून हल्ली पुष्कळांना देतात. तिच्यासोबत कार्ब फार कमी केले तर रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारे पदार्थ, वाढून रक्त आम्ल होऊ शकतं आणि तेव्हा मशीनवर साखर बऱ्यापैकी नॉर्मल दिसते, माणूस फसतो. उलट्या, पोटात दुखणं, दम लागणं असं झालं तर घरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. इन्सुलिनवाल्यांचा डोस बदलावा लागतो. बीपीच्या गोळ्याही कधी जास्त व्हायला लागतात, उठल्यावर अंधारी येते. ज्यांचा व्हॉल्व बदललाय आणि रक्त पातळ ठेवायला वॉरफेरिन चालू आहे, त्यांनी आज भाकरीच्या जागी ढीगभर पालक आणि उद्या काहीच नाही असं करायचं नाही, पालेभाजीचं प्रमाण रोज सारखं ठेवायचं आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी तपासणी, करत राहायचं. म्हणून गोळ्यांचा डबा घेऊन आधी डॉक्टरांकडे जा, आणि सांगा की मी जेवण बदलतेय, गोळ्या पण त्याप्रमाणे बदलून द्या. मनानं एकही बंद करायची नाही, ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची तर नाहीच नाही. माझी ग्लिमेपिराइड आधी निम्मी केली, दोन महिन्यांनी बंद केली.

दुसरी चूक माझी तुपाची. कार्ब नाही ना, मग चालतंय, म्हणून मी भाजीवर तूप, सायीचं दही, पनीर रोज असं चालवलं होतं. साखर सुधारली, रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड उतरलं, पण एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल 72 वरून 118. बायपास झालेल्याचं ते 70 च्या खाली हवं. मग तूप एका चमच्यावर आणलं, फोडणीला शेंगदाण्याचं तेल मोजून, आणि आठवड्यातून दोनदा बांगडा नाहीतर तारली, रस्सा करून, तळून नाही.

आता माझं ताट सांगते. सकाळी दोन अंडी किंवा मुगाचं एक धिरडं. दुपारी एकच भाकरी, 40 ग्रॅम पिठाची, पीठ काट्यावर मोजून मळते, पातळ थापते म्हणजे ताटात मोठी दिसते. सोबत मेथी नाहीतर दोडका नाहीतर गवार अशी भाजी दोन वाट्या, मटकीची उसळ एक वाटी, काकडी, ताक. रात्री भाकरी नाही, भाजी आणि मासे किंवा थोडं पनीर, शेंगांची चटणी चमचाभर. या वयात स्नायू झपाट्यानं झडतात, म्हणून नुसती भाकरी काढून ताट रिकामं ठेवू नका, तिथं प्रोटीन आलं पाहिजे, फक्त क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी, त्यात वाढलेलं असेल तर किती ते डॉक्टरांना विचारून. सहा महिन्यांत माझी 8.4 ची 6.9 झाली, वजन 71 चं 65.

बायकांना एक सांगायचंय. आपण सगळ्यात शेवटी बसतो आणि पातेल्यात उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून ताटात घेतो. तो वाटीभर भात माझ्या हिशोबात रोजचा होता, 40 वर्षांचा. ते मोडणं मला भाकरी सोडण्यापेक्षा जड गेलं. आता आमच्या ह्यांनीच पद्धत पाडलीय, माझं ताट आधी वाढायचं, आणि उरला भात तर तो फ्रिजमध्ये, सकाळी नातवाला फोडणी घालून.

एकादशीचं बऱ्याच जणी विचारतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्या दिवशी खिचडी खाल्ली की माझी साखर अडीचशेला जायची. उपवास मी सोडला नाही. राजगिऱ्याची पालेभाजी, मूठभर भाजलेले शेंगदाणे, काकडीची दह्यातली कोशिंबीर, ताक. शुगरच्या गोळ्यांचं आदल्या दिवशी डॉक्टरांना फोनवर विचारून घेते, आणि पूजेच्या ताम्हनाशेजारी आता साखरेची छोटी डबी असते, घरातल्या सगळ्यांना ती कुठं आहे ते माहीत आहे.