दलाल स्ट्रीटवर धुराडं नाही

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी सव्वानऊला, बाजार उघडताना, दलाल स्ट्रीटवर जाऊन उभं राहिलं तर काय दिसतं? कांस्याचा बैल, सुरक्षारक्षक, चहाच्या टपरीवरची गर्दी. धुराडं काही दिसत नाही. मग शेअर बाजार जेव्हा म्हणतो की आम्ही कार्बन उत्सर्जन कमी करू, तेव्हा तो नेमकं काय कमी करणार?

1995 पर्यंत इथे रिंगणात उभं राहून, घसा कोरडा करून सौदे व्हायचे आणि शेअर म्हणजे हातात धरायचा कागद असायचा. मग संगणक आले, 1996 मध्ये डिमॅट, म्हणजे शेअर कागदाऐवजी संगणकातल्या खात्यात ठेवायची सोय, आलं. कागद गेला आणि त्याच्या जागी वीज आली. सर्व्हर चालवायला वीज, तापलेले सर्व्हर थंड ठेवायला वीज. शिवाय हा सगळा संसार दोनदा मांडावा लागतो. मुंबईत भूकंप झाला तरी सौदे थांबू नयेत म्हणून बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमाप्रमाणे दुसरं केंद्र, शक्यतो वेगळ्या भूकंप-पट्ट्यात, सज्ज ठेवावं लागतं. 2 मार्च 2024 ला, शनिवार असूनही बाजार थोडा वेळ उघडला होता, आठवतं? ती या दुसऱ्या केंद्राचीच तालीम होती. आपल्या देशात ग्रिडच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेव्हा धूर आहेच, फक्त तो दूर कुठल्या तरी औष्णिक केंद्राच्या चिमणीतून निघतो.

पण खरं सांगू? एखाद्या सिमेंट कारखान्यापुढे हा धूर म्हणजे उदबत्ती. एखाद्या बाजाराने छतावर सौरपट्ट्या बसवल्या, तर उत्तमच. त्यावर टाळ्या वाजवायला मात्र माझे हात उठत नाहीत. बाजाराची ताकद त्याच्या वीजबिलात नाही, ती त्याच्याकडे नोंदलेल्या कंपन्यांत आहे.

बाजारमूल्याने पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून सेबीने एक अहवाल सक्तीचा केला आहे. त्याचं नाव बीआरएसआर, म्हणजे कंपनीची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल. त्यात उत्सर्जनाचे तीन हिस्से येतात. पावाची भट्टी डोळ्यांसमोर आणा. भट्टीत जाळलेला कोळसा हा स्कोप 1. बेकरीचं विजेचं बिल हा स्कोप 2. आणि मैदा आणणारा टेम्पो, पाव पोचवणाऱ्याची मोटारसायकल, मैदा दळणारी गिरणी, हे सगळं स्कोप 3. यातले पहिले दोन हिस्से सांगणं आवश्यक. तिसरा ऐच्छिक रकान्यात. बहुतेकांचा मोठा हिशेब असतो तो तिथेच.

आणखी एक गंमत आहे. अहवालात उत्सर्जन 'प्रति रुपया उलाढाल' असंही द्यावं लागतं. समजा एका कंपनीची उलाढाल 100 कोटी आणि उत्सर्जन 1000 टन. पुढच्या वर्षी उलाढाल 120 कोटी, उत्सर्जन 1100 टन. कोटीमागे 10 टनांवरून आकडा सव्वानऊच्याही खाली आला! पहिल्या पानावर हिरव्या शाईत छापायला मोकळे. आणि आभाळात? 100 टन जास्तच गेले. माल तेवढाच आणि नुसता भाव वाढला, तरीसुद्धा हा आकडा सुधारतो, बरं का.

दलाल स्ट्रीटवरच्या याच बाजाराने, म्हणजे बीएसईने, 2012 मध्येच ग्रीनेक्स आणि कार्बोनेक्स असे दोन निर्देशांक काढले. कार्बोनेक्समध्ये धुराडी कंपनी बाहेर काढत नाहीत, तिचं वजन कमी करतात. युक्ती चांगली. पण सेन्सेक्स किती वर गेला हे रिक्षावालाही सांगेल, कार्बोनेक्सचं नाव किती जणांनी ऐकलंय? नियम सेबीचे असले तरी अहवाल येतो बाजाराच्या दारात. तिसरा रकाना कोरा का, असं तिथे कुणी विचारतं का, यावर मी त्याचं वचन जोखेन. अडचण एवढीच, की बाजाराच्या चुलीत ज्यांना विचारायचं त्यांच्याच नोंदणी शुल्काचंही सरपण असतं.

तुमच्याकडे एखाद्या कंपनीचे शेअर असतील, तर तिचा अहवाल उघडा आणि तत्त्व 6, म्हणजे पर्यावरणाचा भाग, काढा. उलाढालीची ओळ सोडा, टनांची ओळ बघा, यंदाची आणि गेल्या वर्षीची. बीएसई स्वतःसुद्धा 2017 पासून नोंदणीकृत कंपनी आहे, म्हणजे हा अहवाल तिलाही चुकत नाही. फक्त स्वतःच्याच बाजारात स्वतःचे शेअर नोंदवता येत नाहीत, म्हणून ती नोंदली गेलीय एनएसईवर, म्हणजे मुंबईतल्याच दुसऱ्या मोठ्या शेअर बाजारात. तेव्हा तिचा अहवाल शोधताना शेजाऱ्याचं दार वाजवा.

नमस्कार.