अध्यक्ष महोदय, माझं ऐकून घ्या

नमस्कार श्रोतेहो.

संसदेत बोलताना सदस्य एकमेकांना थेट उद्देशून बोलत नाहीत. समोरच्या मंत्र्यावर कितीही राग असो, बोलायचं ते अध्यक्षांशी. ‘तुम्ही खोटं बोलताय’ म्हणायची सोय नाही. ‘अध्यक्ष महोदय, मंत्र्यांचं विधान वस्तुस्थितीला धरून नाही’ असं म्हणावं लागतं. आरोप तोच, पण रोख माणसावर न राहता त्याच्या विधानावर जातो. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो.

सभ्यता म्हणजे मिळमिळीत बोलणं, असं मात्र कुणी समजू नये. ऑगस्ट १९६३. नेहरू सरकारवर लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव आचार्य कृपलानींनी आणला होता. त्याच वर्षी पोटनिवडणुकीतून आलेले डॉ. राममनोहर लोहिया उभे राहिले. देशातली सत्तावीस कोटी माणसं दिवसाला तीन आण्यांवर जगतात आणि पंतप्रधानांवर रोज पंचवीस हजार रुपये खर्च होतात, असा त्यांचा आरोप. नेहरूंना तो झोंबला नसेल? पण त्यांनी उत्तर आकड्यानंच दिलं: तीन नव्हे, पंधरा आणे. ठराव पडला. तरी गरिबाची रोजची मिळकत नेमकी किती, या प्रश्नापासून सरकारला सुटका मिळाली नाही. एवढ्या कडव्या वादातून केवढी कामाची गोष्ट निघाली!

आता डिसेंबर २०२३ आठवा. एकाच अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले १४६ विरोधी खासदार निलंबित झाले. फलक, घोषणाबाजी, अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे हौद्यात उतरणं हे सगळं झालं होतं, आणि ते मला पटत नाही. पण त्याच अधिवेशनात तीन नवे फौजदारी कायदे मंजूर झाले, तेव्हा विरोधी बाकं बरीचशी ओस होती. उद्या कुणाला अटक कशी होईल, जामीन कसा मिळेल, हे ठरवणारे कायदे ते! त्यातली एखादी चूक दाखवायला उठलाच असता असा कुणी त्या वेळी सभागृहाबाहेर होता, याची मला खरी खंत आहे.

हेच पक्ष संसदीय समित्यांमध्ये शेजारी बसून काम करतात. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद १९६७पासून प्रथेनं विरोधी पक्षाकडे असतं. बैठक बंद दाराआड होते, कॅमेरा नसतो. तिथे सत्ताधारी खासदारही आपल्याच सरकारच्या सचिवांना खोदून खोदून प्रश्न विचारू शकतो. म्हणूनच विधेयकं घाईनं थेट सभागृहात न रेटता आधी समितीकडे पाठवावीत, असा माझा आग्रह आहे.

नमस्कार.