तुझी वाटी किती ग्रॅमची?

श्रोतेहो, नमस्कार.

परवा डब्लिनहून भाचीचा फोन आला. संक्रांतीचे लाडू करायला बसली होती. म्हणाली, "मावशी, तू लिहिलंयस एक वाटी तीळ. तुझी वाटी किती ग्रॅमची?" आता वाटी कुठे ग्रॅमची असते? पण तिच्यापुढे होता वजनकाटा आणि पावकिलोची तिळाची पुडी. माझी वाटी इथे, माझ्या मांडणीवर.

आपल्याकडे धान्य मोजायचं ते मापानेच. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मोजणारा पहिलं माप टाकताना 'एक' नाही म्हणायचा, 'लाभ' म्हणायचा. मग दोन, तीन. मापावर धान्याची टोकदार रास उभी राहिली की ती शीग. 'शिगेला पोहोचणं' आलं ते तिथूनच. पुढे 1956 च्या कायद्याने दशमान वजनं-मापं आली, दुकानात किलो रुळला, पण स्वयंपाकघरात वाटी राहिली ती राहिलीच.

मग मी काटा काढला. वाटी ठेवली, काटा शून्यावर आणला आणि वाटी पाण्याने काठोकाठ भरली. भरलं 150 ग्रॅम, म्हणजे वाटी 150 मिलिलिटरची. पाणी पुसून तीच वाटी तिळाने भरली, सुरीच्या पाठीने वरून सपाट केली. 90 ग्रॅम! म्हणजे तिच्या पुडीत माझ्या जवळजवळ पावणेतीन वाट्या तीळ.

खसखशीचं काय होईल? मला वाटत होतं, इतका बारीक दाणा, घट्ट बसेल, वाटी जड होईल. तसं होत नाही. दाणे लहान झाले की मधल्या फटीही लहान होतात, पण तितक्याच जास्त. खसखस जवळपास तिळाइतकीच भरते. फरक पडतो तो दाण्याच्या अंगाने. मेथी टणक, भरीव. तिचा 15 मिलिलिटरचा सपाट चमचा सुमारे 11 ग्रॅम. धणे आतून पोकळ, त्याच चमच्यात जेमतेम 5. जिरं लांबट, आडवंतिडवं पडतं, ते 6 च्या आसपास. तेव्हा 'मेथी आणि धणे समप्रमाणात' असं कुणी सांगितलं तर आधी विचारा, मापाने की वजनाने?

हिशेब सोपा आहे. तुमच्या वाटीत पाणी जितके ग्रॅम मावतं, त्याच्या दहा भागांतले सहा भाग तीळ किंवा खसखस, सात भाग जवस किंवा मेथी, चार भाग जिरं. धणे तिसरा हिस्सा. दाणा जुना, ओलसर किंवा भाजलेला असेल तर थोडं इकडेतिकडे होणार. वाटी ओट्यावर आपटलीत तर दाणे खाली बसतात आणि वर आणखी मावतात, म्हणून आपटायची नाही. शीगही नको.

लाडवात खरा घोळ मात्र तिळाचा नसतो, गुळाचा असतो. गेल्या वर्षी भाचीचे लाडू बत्त्याने फोडावे लागले होते, आणि त्यात चूक माझी होती. मी 'एक वाटी गूळ' एवढंच सांगितलं. तिने तो दाबून भरला. माझ्या वाटीत सैल चिरलेला गूळ 95 ग्रॅम मावतो, दाबला तर 135. या वेळी तिला सरळ सांगितलं: तीळ 250 ग्रॅम, चिक्कीचा गूळ 250 ग्रॅम, वाटीला हात लावू नकोस. लाडू वळले म्हणाली, फक्त हात भाजले. त्याला काट्याचा इलाज नाही; तळव्याला तूप लावायचं आणि भराभर वळायचं.

जाता जाता एक. घरचा साधा काटा दोन-तीन ग्रॅमला चकवतो. चमचाभर मोहरी किंवा ओवा तोलायचा असेल तर दहा सपाट चमचे एकदम तोला आणि दहाने भागा. आलेला आकडा डब्याच्या झाकणावर आतून चिकटवून ठेवा. बाहेरून लावलेला कागद तेलकट हाताने आठवड्यात पुसला जातो.

नमस्कार.