थेंब फोडणारी वाफ

ही ज्योत बघा. पिवळी, मंद, टोकाला धुराची काळी शेपटी. जळतंय ते इंजिनातून काढलेलं जुनं, काळंकुट्ट तेल. आता वाफेचा व्हॉल्व्ह हळूच उघडतोय. आवाज बदलला, ऐकलात? घरघर सुरू झाली, ज्योत आखूड झाली, उजळली. शेपटी गेली. तेल तेच, भट्टीही तीच.

तेल हे तेल म्हणून जळत नाही. आधी त्याचा वायू व्हावा लागतो, मग तो पेटतो. मोठा थेंब बाहेरून जळत राहतो आणि आतून करपतो. एक मिलिमीटरचा थेंब ०.०५ मिलिमीटरच्या कणांत फोडला, तर ८,००० कण होतात. हवेला भिडणारा पृष्ठभाग २० पट वाढतो, आणि जळायला लागणारा वेळ साधारण ४०० पटींनी घटतो. करपायला सवडच उरत नाही.

नोझल, म्हणजे तेल बाहेर पडतं ते तोंड, जवळून पाहू. तेलाच्या धारेवर वाफ प्रचंड वेगानं आदळते आणि तिच्या चिंधड्या करते. जाता जाता तेल तापवून पातळही करते. नुसत्या दाबावर चालणाऱ्या बर्नरचं भोक इतकं बारीक असतं, की जुन्या तेलातल्या कचऱ्यानं ते तुंबतं. इथे भोक मोठं ठेवता येतं, आणि मला याचं मोल सगळ्यात जास्त वाटतं. शिवाय ज्योतीतल्या तापलेल्या काजळीशी वाफेची प्रक्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात. तेही तिथेच जळतात.

युक्ती जुनी आहे. कॅस्पियन समुद्राकाठच्या बाकू शहरात खनिज तेलातून रॉकेल काढून झाल्यावर माझुत नावाचं दाट तेल उरायचं, ते टाकाऊ समजलं जायचं. १८८० च्या सुमारास व्लादिमीर शुखोव या तरुण रशियन इंजिनिअरनं वाफेवर चालणारा बर्नर घडवला, आणि तेच माझुत बॉयलरचं इंधन झालं.

वाफ मात्र कोरडी हवी. तिच्यात पाणी असलं की ज्योत तडतडते, कधी विझतेही. विझलेल्या गरम भट्टीत तेल पडत राहणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. आणि धूर दिसेनासा झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. जुन्या तेलातलं शिसं, जस्त वाफेनं नाहीसं होत नाही. राखेतून, धुराड्यातून ते बाहेर पडतंच. त्यासाठी तेल आधी तपासायला हवं, धूर गाळायला हवा.

भट्टी बंद होतेय. आधी तेलाचा व्हॉल्व्ह. पेटवणीची छोटी ज्योत अजून जळतेय, वाफही चालू आहे. नोझलमध्ये उरलेलं तेल वाफ बाहेर फेकते, ते भुरभुर जळून जातं. आता वाफ बंद.