कमी पाण्यावर फुलणारी सदाफुली

एप्रिलच्या दुपारी मराठवाड्यातल्या एखाद्या अंगणात गुलाबाने मान टाकलेली असते, तुळसही मलूल झालेली असते. मात्र पायरीच्या फटीत आपसूक उगवलेली सदाफुली पाच पाकळ्यांची गुलाबी फुले मिरवत उभी असते. ऊन फारच चढले, तर तिची पाने जराशी आत वळतात आणि दिवस कलला की पुन्हा सरळ होतात. ती वळलेली पाने पाहून आपला जीव कळवळतो, आपण तांब्याभर पाणी ओततो, आणि चूक नेमकी तिथेच होते.

मूळची मादागास्करची ही वनस्पती कोरडेपणा सोसते, साचलेले पाणी सोसत नाही. मुळे कुजली की हिरवेगार रोप बघता बघता माना टाकते. म्हणून कुंडीच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवावा आणि चिकट काळ्या मातीत भरपूर जाड वाळू व थोडे कुजलेले शेणखत मिसळावे. बोटाचे पेर आत घालून माती कोरडी लागली, तरच पाणी द्यावे. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांखालून हलवावी. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूने फुटवे येऊन ते बुटके आणि भरदार राहते.

गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, कारण ती विषारी आहे. मधुमेहावर तिची पाने चावून खाणाऱ्यांनी एक हकिकत जरूर ऐकावी. जमैकात याच समजुतीने पानांचा काढा घेत. कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी पानांचा अर्क उंदरांवर तपासला, तेव्हा रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या दिसल्या. त्यातूनच 1958 मध्ये व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध हाती आले. ज्या पानात एवढी ताकद आहे, ते घरच्या घरी चावून खाणे धोक्याचे आहे.

फूल गळाल्यावर देठाशी जोडीने बारीक, उभ्या शेंगा धरतात. त्या पिवळसर झाल्या की उकलण्याआधीच तोडाव्यात. आतले काळे बी अंधारात चांगले रुजते, म्हणून पेरल्यावर त्यावर मातीचा पातळ थर द्यावा. थंडी ओसरताच, फेब्रुवारीअखेर पेरलेली रोपे बहुधा मे महिन्यात, विहिरी तळाला गेलेल्या असताना, पहिली कळी धरतात.