साडेतीन सेकंद

नमस्कार श्रोतेहो. आमचा वाडा, म्हणजे आमची वस्ती, गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. देवळाच्या तळीकडून रस्ता निघतो, दुकानापाशी वळतो आणि शाळेकडे जातो. खड्डे होते तोवर सगळे सावकाश जायचे. मग हॉटमिक्स म्हणजे गुळगुळीत डांबर झालं, आणि कोंबड्यांनी रस्ता ओलांडायचं सोडलं. कोंबड्यांना आपल्याआधी कळतं.

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं सामान घेऊन येणाऱ्या एका वयनींच्या कोपराला मोटरसायकलचा आरसा घासून गेला. लागलं फारसं नाही, पण तोरिंजनं, म्हणजे पपनसं, गटारात गेली. वाड्यावरच्या पोरांनी त्याच रात्री ठरवलं, आता अर्जबिर्ज नको. चिऱ्यांचे तुकडे, रेती, दोन पोती सिमेंट. स्पीडब्रेकर पहाटे तीनला तयार! वीतभर उंच, हातभर रुंद. बॅटरी धरून मीही उभा होतो, कबूल करून टाकतो.

साडेपाचला पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, आला. मिट्ट काळोख. सायकलच्या मागे टोपली, वर निळं प्लास्टिक. भोंपू वाजला, पों पों. दुसऱ्यांदा पों झालं आणि मध्येच तुटलं. मग धप्प. मग काही क्षण काहीच नाही, आणि त्यानंतर सायकलचं चाक नुसतंच फिरत असल्याचा आवाज.

आम्ही धावलो. पाव सगळीकडे: गोल उंडे रस्त्यावर, कात्रे पाव दुकानाच्या पायरीवर, एक चपटी पोय थेट तुळशीवृंदावनाला टेकून उभी. पोदेर उठून बसला, गुडघा चोळला, त्या उंचवट्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, “हें कोणें केलां?” वाड्यावर इतकी शांतता मी आरतीच्या वेळीसुद्धा ऐकलेली नाही. शेवटी एक आजी म्हणाल्या, “पाव उचला आधी, कुत्रे येतील.” टोपलीभर पावाचे पैसे वर्गणी काढून दिले. त्या दिवशी वाड्यावर तिन्ही त्रिकाळ पावच होता. (उंडा हल्ली दोन घासांत संपतो, तो भाग वेगळा. त्यावर एकदा स्वतंत्र बोलायला हवं.)

त्याच सकाळी आमचे गणिताचे निवृत्त मास्तर पिकास, म्हणजे कुदळ, घेऊन आले. आमचं रात्रीचं बांधकाम पोरांकडूनच फोडून घेतलं आणि म्हणाले, “गाड्या जोरात जातात म्हणता. जोरात म्हणजे किती?” कुणालाच सांगता येईना.

मास्तरांनी टेप लावून रस्त्याकडेला ५० मीटर मोजले. दोन्ही टोकांना चुन्याची रेघ. शाळेच्या चार मुलांना मोबाईलचं स्टॉपवॉच आणि एक वही दिली. हिशेब सोपा, लक्षात ठेवा: ५० मीटरला लागलेल्या सेकंदांनी १८० ला भागायचं, ताशी वेग निघतो. सहा सेकंद लागले तर ताशी ३०. तीन सेकंद लागले तर ताशी ६०. पुन्हा सांगतो, सहा सेकंद म्हणजे ३०, तीन सेकंद म्हणजे ६०.

आमची खात्री होती की वहीत सगळ्या रेंटच्या गाड्या सापडणार. पर्यटकांना दोष देणं किती सोयीचं! आठवड्यानंतर वही उघडली. तीन-चार सेकंदांच्या रकान्यात बहुतेक गाड्या आमच्याच अंगणांत उभ्या राहणाऱ्या. आणि मंगळवारी सकाळी, शाळेच्या वेळेला, एक स्कूटर साडेतीन सेकंदांत. म्हणजे ताशी ५१. ती माझी. मला उशीर झाला होता. सगळ्यांनाच झालेला असतो.

वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, दुप्पट नव्हे, चौपट. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतरही चौपट. आणि नियमातला स्पीडब्रेकर म्हणजे १० सेंटिमीटर उंच, पण ३.७ मीटर रुंद. ताशी २५ ने आरामात ओलांडता येतो. उंची दहा सेंटिमीटर, रुंदी जवळजवळ पावणेचार मीटर. आमचा नेमका उलटा होता, त्याला पोदेर साक्षी. रात्री रुग्णवाहिका आली असती तर आतल्या माणसाचं काय झालं असतं, याचा विचार आम्ही नंतर केला.

ती वही घेऊन आम्ही ग्रामसभेला गेलो. ग्रामसभा रविवारी असते, आणि रविवार हा गोव्यात मासळीचा वार. त्यामुळे अर्धा गाव बाजारातून थेट, हातात इसवणाची पिशवी घेऊन येतो आणि बर्फ वितळायच्या आत ठराव व्हावा म्हणून धडपडतो. माझ्या मते कामं होतात ती त्यामुळेच. ठराव झाला, पाहणी झाली, पुढे जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश निघाल्यावर पट्टे मारलेला, फलक लावलेला स्पीडब्रेकर आला. वळणावरची कुंपणाची झुडपं मात्र त्याआधीच एका सकाळी आम्हीच कोयत्याने छाटली. घरापेक्षा कुंपण उंच ठेवायची जी नवी हौस आली आहे, ती मला मुळीच कळत नाही. आतून चोर दिसत नाही आणि बाहेरून पोर.

सवय मोडत नाही, असं एक पंच तेव्हा म्हणाले होते. खरं आहे. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची बाजू बदलून उजवी धरली, गोवा मात्र शेजारच्या ब्रिटिश मुलखाप्रमाणे डावीकडूनच चालत राहिला.

पोदेर आता त्या वळणावर सायकलवरून उतरतो, चालत पलीकडे जातो आणि मगच भोंपू वाजवतो. मुलं अधूनमधून अजून वही काढतात. माझा साडेतीनचा आकडा दुकानाच्या फळीवर खडूने लिहिलेला आहे. नाव लिहायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून नाव नाही. नुसतं लिहिलंय, “पिवळी स्कूटर”. वाड्यावर पिवळी स्कूटर एकच आहे.