रेझ्युमेत न लिहिता येणारी वर्षं

(दृश्य : सकाळ, येरवडा. आळंदी रोडची ट्रॅफिक, रिक्षा, शाळेच्या व्हॅन. निवेदन सुरू.)

पुण्यात कुणी जरा विचित्र वागलं की मित्र लगेच म्हणतात, याला येरवड्याला नेऊन सोडा रे. एकीकडे मेंटल हॉस्पिटल, जवळच सेंट्रल जेल, त्यामुळे या नावाची जी काही बदनामी व्हायची ती कधीच होऊन गेलीये. आपली आजची गोष्ट इथलीच आहे आणि ती आहे करिअर बदलण्याची. म्हणजे आयटीतला जॉब सोडला, कोकणात होमस्टे काढला, आता मी खूप हॅपी आहे, तसली नाही. तसल्या रील्स तुम्ही रोज बघताच.

अनिल अवचट. जन्म 1944, गाव ओतूर, जुन्नर तालुका. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून एमबीबीएस झाले. आता त्या काळात खेड्यातला मुलगा डॉक्टर झाला म्हणजे घराचं सोनं झालं, आणि हे साहेब मात्र दवाखान्यात काही रमेनात. दुष्काळ बघायला थेट बिहारला गेले, चळवळीत गेले, मग लिहायला लागले. हमाल, तंबाखूच्या वखारीतल्या बाया, देवदासी, जिथे कुणी जात नाही तिथे जाऊन बसायचं, ऐकायचं आणि जसं ऐकलं तसं साध्या मराठीत लिहायचं. बासरी, ओरिगामी, लाकडात कोरीव काम हे सगळं वेगळंच.

छान वाटतं ना ऐकायला? आता एक प्रश्न विचारतो जो अशा व्हिडिओंमधे सहसा कुणी विचारत नाही. घर कसं चालत होतं? कारण मराठीत लिहून घर चालत नाही, तेव्हाही चालत नव्हतं आणि आताही चालत नाही.

घर चालत होतं डॉ. सुनंदा अवचट यांच्या पगारावर. घरातलं नाव अनिता. त्याही बी. जे. मेडिकलच्याच, पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाल्या आणि येरवड्याच्या मेंटल हॉस्पिटलमधे नोकरी करत होत्या. नवऱ्याने आवडीचं काम करावं, कमवायचं मी बघते, असं त्यांचं सरळ ठरलेलं. दोन मुली, आणि मुलींचं बघायला बऱ्याचदा बाबाच घरी. सत्तरच्या दशकातल्या पुण्यात हे किती जणांच्या पचनी पडलं असेल याचा तुम्हीच विचार करा. अवचटांनी स्वतः हे कधी लपवलं नाही, उलट पुन्हा पुन्हा लिहिलं, सांगितलं. माझं तर स्पष्ट मत आहे की कुणी सगळं सोडून झेप घेतली असं ऐकलं की आधी विचारावं, लाइटबिल कोण भरत होतं.

(दृश्य : जुन्या पुण्याचे कृष्णधवल फोटो. गल्ली, पानटपरी, कोपऱ्यावर उभी पोरं.)

ऐंशीच्या दशकाच्या मधे मुंबई-पुण्यात गर्द आलं. गर्द म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइनचाच भेसळयुक्त भाऊ. सिगारेटच्या पाकिटातली चांदी घ्यायची, त्यावर चिमूटभर पावडर, खालून काडी पेटवून धरायची आणि ती वितळून पळायला लागली की वर नळी धरून धूर ओढायचा. इंजेक्शन नाही, वास नाही, घरच्यांना कळेपर्यंत पोरगं पार आत गेलेलं. आणि माल मिळाला नाही की टर्की. अंग मोडून येतं, नाक-डोळे वाहतात, उलट्या, जुलाब, रात्र-रात्र झोप नाही. त्या वेदनेपोटी पोरं घरातली भांडीसुद्धा विकून येतात. 1985 मधे अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा झाला, म्हणजे पकडून आत टाकायची सोय झाली, पण पोराला बरं करायला न्यायचं कुठे याचं उत्तर आईबापांकडे नव्हतं.

अवचट या पोरांमधे फिरले आणि गर्दवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे हलले. नुसतं पत्र पाठवून कौतुक केलं असतं तरी चाललं असतं, पण त्यांनी एक लाख रुपये देऊ केले, यांच्यासाठी काहीतरी उभं करा म्हणून. त्या वेळचे एक लाख हं. आणि 29 ऑगस्ट 1986 ला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, कुठे, तर मेंटल हॉस्पिटलच्याच आवारात.

इथे एक गंमत बघा. इतकी वर्षं जिच्या नोकरीवर घर उभं होतं, तिचंच ज्ञान आता कामाच्या मध्यभागी आलं. अवचट माणसं जमवणार, लिहिणार, बोलणार, पण वॉर्ड उभा करणं, उपचार बसवणं, पेशंटशी रोज बोलणं हे सुनंदा मॅडमचं काम. लोक मुक्तांगण म्हटलं की बाबांचा, म्हणजे अवचटांचा, फोटो लावतात. ठीक आहे, लावा, पण शेजारी मॅडमचाही लावा.

(दृश्य : टेबल, दोन खुर्च्या, स्टीलच्या कपात चहा. चेहरे दिसत नाहीत, फक्त हात.)

आता मला ज्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय ते. इथल्या स्टाफमधे बरेच जण एकेकाळी पेशंट म्हणून आलेले आहेत. पाच आठवड्यांचा उपचार घेतला, बाहेर पडले, फॉलोअपला येत राहिले, सोबर राहिले, आणि मग इथेच कामाला लागले. ही आयडिया जगात नवी नाही, 1935 मधे अमेरिकेत ॲक्रन गावी एक शेअर बाजारातला माणूस आणि एक डॉक्टर, दोघेही पक्के दारुडे, एकमेकांशी बोलून दारूपासून लांब राहिले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस निघालं. फक्त आजचा दिवस प्यायची नाही, उद्याचं उद्या.

पण हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगतो. नवीन पेशंट समोर बसलाय, म्हणतोय मी फक्त वीकेंडला घेतो. डिग्रीवाला वहीत लिहून घेईल, वीकेंडला. दारूतून उठलेला कौन्सेलर काही बोलत नाही, चहा मागवतो आणि कप अर्धाच भरून त्याच्या पुढे ठेवतो. कारण त्याला माहितीये की सकाळच्या वेळी हात किती थरथरतो आणि भरलेला कप बशीत सांडला की माणूस शरमेने मेल्यासारखा होतो. समोरचा दोन्ही हातांनी कप धरतो, वर बघतो. वीकेंडचा विषय तिथेच संपतो, खरं बोलणं सुरू होतं. हा अनुभव कुठल्या बायोडेटात कसा लिहिणार? तिथे तर त्या सगळ्या वर्षांना गॅप म्हणतात आणि इंटरव्ह्यूमधे त्यावरूनच घाम फोडतात.

अर्थात नुसतं व्यसन सोडलं म्हणजे कौन्सेलर झाला असं नाही. ट्रेनिंग लागतं, आपली कहाणी बाजूला ठेवून दुसऱ्याची ऐकावी लागते, जे भल्याभल्यांना जमत नाही. आणि धोका असतोच, रोज तेच विषय, तीच माणसं, एखाद्याची स्लिप होते, म्हणजे तो पुन्हा व्यसनाकडे वळतो. अशा कामात पगारही काही आयटीचा नसतो.

आणि घरी बायको असते. तो पीत होता तेव्हा धुणीभांडी करून, शिवणकाम करून, पोरांची फी भरून जिने घर ओढलं ती. मुक्तांगणने या बायकांसाठी सहचरी नावाचा गट चालवला. नवरा सुधारला की सगळे त्याला हार घालतात, सोबर राहिल्याचा वाढदिवस करतात, तो करायलाच हवा, पण हिची इतक्या वर्षांची भीती एका केकने जात नाही. तो पाच मिनिटं उशिरा आला तरी हिच्या पोटात गोळा येतो. तिलाही बोलायला जागा लागते.

सुनंदा मॅडम 1997 मधे कॅन्सरने गेल्या. बाबा 27 जानेवारी 2022 ला गेले. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर मानसशास्त्र शिकून याच कामात आली आणि आज मुक्तांगणची धुरा तिच्याकडे आहे. बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग झाला, कारण बाई पिते हे घरं कबूलच करत नव्हती.

(दृश्य : ओपीडीबाहेरचा बाक. आईवडील, मधे एक मुलगा, मान खाली, अंगठा हलतोय.)

आणि आता इथे दारू, गर्दच्या जोडीला मोबाइलवालेही यायला लागलेत. ऑनलाइन गेम, रात्रभर स्क्रीन, कॉलेज सुटलेलं, फोन काढून घेतला तर आईवर हात उचलणारी पोरं. आता गर्दमधून वर आलेल्या जुन्या माणसाचं काय होत असेल बघा, त्याला टर्की पाठ आहे, पानटपरीवरचे कोडवर्ड पाठ आहेत, पण रँक पुश म्हणजे काय ते कुठे माहितीये. शिवाय दारू कायमची सोड असं सांगता येतं, फोन कायमचा सोड कसं सांगणार, फी पण त्यावरूनच भरायची असते. म्हणजे पन्नाशीत पुन्हा विद्यार्थी, आणि मास्तर कोण, तर समोरचं हे अठरा वर्षांचं पोरगं. खुर्ची पुढे ओढायची आणि त्यालाच विचारायचं, बाळा, हा गेम खेळतात कसा ते जरा दाखव.